एमएसमधला सायकोसिस आणि ‘ऑरगॅनिक’चा गुंता : पार्श्वभूमी

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी व्रण पाडणारा आजार. त्याचं पहिलं नेटकं वर्णन १८६८ मध्ये पॅरिसमध्ये झालं. विसराळूपणा, भावनांचा बोथटपणा, कारण नसताना हसणं-रडणं हे सगळं तेव्हाच्या व्याख्यानांत आहे. १९२६ च्या एका पाहणीत १०० रुग्ण तपासले, त्यात अवाजवी आनंदीपणा इतका उठून दिसला की पुढे कित्येक वर्षं ‘एमएसमधलं मन’ म्हणजे तेवढंच समजलं गेलं. भास आणि भ्रम, म्हणजेच सायकोसिस, तळटीपेत राहिले.

१९६९ च्या एका मोठ्या आढाव्याने तर निकालच दिला : एमएस आणि स्किझोफ्रेनियासारखा आजार एकाच माणसात दिसणं योगायोगापेक्षा जास्त नाही. हा आढावा विखुरलेल्या, आधी छापून आलेल्या नोंदींवर उभा होता. अशा नोंदींना छेदच नसतो. किती एमएस रुग्णांमागे हे घडलं ते त्या सांगत नाहीत. शिवाय भ्रम असलेला रुग्ण मनोरुग्णालयात, पाय लुळे पडलेला न्यूरोलॉजीत, मग बेरीज कोण करणार? हा निकाल त्याच्या पुराव्याला पेलवेल त्यापेक्षा फार जास्त काळ टिकला.

तो हलला २००५ मध्ये. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या आरोग्यसेवेच्या नोंदींत सायकोसिसचं प्रमाण एमएस असलेल्यांत २ ते ४ टक्के निघालं, इतरांत ०.५ ते १ टक्का. या आकड्यांतही स्टिरॉइडमुळे किंवा डिलिरियममुळे (शारीरिक आजारात अचानक भान हरपून गोंधळणं) झालेले प्रकार मिसळलेले असू शकतात, पण छेद मात्र मिळाला. त्याआधी १९९२ मध्ये सायकोसिस असलेल्या आणि नसलेल्या एमएस रुग्णांच्या एमआरआयची तुलना झाली होती. गट अगदी छोटा होता. कल दिसला तो टेम्पोरल हॉर्नभोवतीच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीचा कानाकडचा फाटा) व्रणांकडे, आणि सायकोसिस बहुधा न्यूरॉलॉजिकल लक्षणांनंतर आला होता.

खरा गुंता शब्दाचा आहे. एमएससारख्या शारीरिक आजारातून आलेल्या सायकोसिसला ‘ऑरगॅनिक’ म्हणत आले. ‘ऑरगॅनिक’ला मराठीत ‘सेंद्रिय’ म्हटलं की खताची आठवण होते. ‘मेंदूजन्य’ म्हटलं तर बाकीचे मनोविकार मेंदूबाहेर होतात की काय, असा प्रश्न उरतो. याच आक्षेपापायी मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने १९९४ मध्ये हा शब्द काढला आणि ‘शारीरिक आजारामुळे झालेला’ अशी शब्दरचना आणली. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मात्र एफ०६.२ या कोडखाली ‘ऑरगॅनिक’ तसाच होता. म्हणजे एकाच रुग्णाला दोन नावं. तत्त्व म्हणून बदल बरोबरच होता. अडचण पुराव्याची : सायकोसिस एमएसचाच थेट परिणाम आहे हे दाखवायचं, तर एमआरआयवर व्रण असून भागत नाही, ते एमएसच्या जवळपास प्रत्येक रुग्णात असतात. मग आधार उरतो तो उशिरा सुरू झालेल्या लक्षणांचा, घराण्यात मनोविकार नसण्याचा, त्याच आठवड्यांत नवा रिलॅप्स (एमएसने पुन्हा उचल खाणं) किंवा नवा व्रण दिसण्याचा.

त्यात स्टिरॉइडची भर पडते. रिलॅप्ससाठी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून साधारण ५०० मिग्रॅ ते १ ग्रॅम रोज, ३ ते ५ दिवस देतात. १९७२ च्या एका पाहणीत प्रेडनिसोन या दुसऱ्या स्टिरॉइडचा रोजचा डोस ४० मिग्रॅपर्यंत असताना मानसिक प्रतिक्रिया १.३ टक्के होत्या, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे सुमारे १२५० मिग्रॅ प्रेडनिसोन. आधी झोप उडते, बडबड वाढते, मग संशय. म्हणून पहिली बाटली लावण्याआधी मनःस्थिती लिहून ठेवायची, वेळेसकट. भ्रम आधीपासून असेल तर दोष स्टिरॉइडचा नाही. लघवीचं इन्फेक्शनही याच वेळी तपासायचं, त्यातून होणारा डिलिरियम सहज सायकोसिस म्हणून खपतो.

अलीकडे प्रश्न आणखी विस्तारला. २००४ मध्ये एमएससारख्याच दिसणाऱ्या न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराची अँटिबॉडी (पुढे तिचं लक्ष्य अ‍ॅक्वापोरिन-४ निघालं) आणि २००७ मध्ये मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धचा एन्सेफलायटिस (मेंदूची सूज) माहीत झाल्यावर, पूर्वी एमएसच्या खात्यावर टाकलेले काही रुग्ण तिथले नसावेत असं दिसतं. सायकोसिससोबत झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा ताठरपणा असेल तर रक्त आणि पाठीतलं पाणी दोन्ही तपासतात.

औषधं निवडताना एमएसची औषधं आड येतात. हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकने (सायकोसिसवरचं औषध) हातपाय ताठरण्याची भीती, तर एमएसच्या फिंगोलिमॉडसोबत नाडी मंदावणं आणि ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबणं, म्हणून आधी ईसीजी. क्लोझापिन हे अँटिसायकोटिक आणि पांढऱ्या पेशी घटवणारी एमएसची औषधं एकत्र आली तर रक्ततपासणी चुकवून चालत नाही. आणि ताठरपणासाठीचं बॅक्लोफेन एकदम बंद झालं, किंवा ते पाठीच्या कण्यात सोडणारा पंप रिकामा झाला, तर त्यानेच भास सुरू होतात. अशा वेळी अँटिसायकोटिक वाढवण्याआधी बॅक्लोफेन परत सुरू करायचं असतं.