'चाळीस-शहात्तर' ते 'एक एमएम': लवचीक वायरीच्या मापांची पार्श्वभूमी

जुने वायरमन आजही दुकानात 'चाळीस-शहात्तर द्या' म्हणतात आणि दुकानदार काही न बोलता 'एक एमएम'ची वायर मोजून देतो. दोघांचं काम होतं. माप मात्र तेच नसतं.

शहात्तर आले इंचातून. एकेका बारीक तारेची जाडी ०.००७६ इंच, म्हणजे ब्रिटनमध्ये १८८४ पासून कायदेशीर झालेल्या वायर गेजातली, म्हणजे जाडीप्रमाणे नंबर देण्याच्या पद्धतीतली, ३६ नंबरची तार. अशा १४, २३, ४०, ७० तारा पिळून वायर व्हायची; चाळीस तारांची ती 'चाळीस-शहात्तर'. रबर आणि सुती वेष्टण जाऊन पीव्हीसी आलं, तरी बोलण्यातले आकडे राहिले.

१९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली. पुढे वायरही चौरस मिलिमीटरमध्ये गेली आणि खरा घोळ तिथे झाला. ०.००७६ इंच म्हणजे ०.१९३ मिलिमीटर. हिशेब केला तर २३ तारांच्या छेदाचं क्षेत्रफळ ०.६७ चौरस मिलिमीटर भरतं, ४० चं १.१७, ७० चं २.०५. नवी मापं ०.७५, १, १.५, २.५ अशी. तेवीसवाल्याला ०.७५ मिळालं, त्याचा फायदाच झाला. चाळीसवाल्याला १ मिळालं आणि तांबं सातव्या हिश्श्याने घटलं. ब्रिटनमध्ये ४० च्या जागी १.२५ आलं: तारा चाळीसच, प्रत्येकी ०.२० मिलिमीटरच्या, क्षमता १३ अँपिअर. आपल्या दुकानांत १ नंतर सहसा थेट १.५ निघतं, आणि १ ची वायर साधारण १० अँपिअरची. १००० वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, तिला काहीच फरक पडत नाही. ३००० वॅटचा गिझर १३ घेतो. तिथे 'तेच आहे हो' हे उत्तर चालत नाही.

त्यात 'एमएम' हा शब्दही फसवा. ती जाडी नव्हे, क्षेत्रफळ. एक चौरस मिलिमीटरची सलग तार घेतली तर तिची जाडी १.१३ मिलिमीटर भरेल. वायर सोलून तारा मोजणाऱ्यांचंही समाधान अर्धंच, कारण मानकात एकेका तारेच्या जाडीला वरची मर्यादा आहे आणि कस लागतो तो रोधावर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर: लवचीक १ च्या वायरीला किलोमीटरमागे जास्तीत जास्त १९.५ ओहम. हे दुकानात कोण मोजणार?

वेष्टणाचा प्रश्न त्यामानाने सोपा. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं, तापल्या इस्त्रीला टेकलं की वितळतं. म्हणून इस्त्रीला रबरावर सुती विणीची वायर अजून लागते.

रंगांचं मात्र अजून निस्तरलेलं नाही. १९७० च्या सुमारास युरोपात उपकरणांच्या वायरींसाठी तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा ठरला आणि आपल्याकडेही मिक्सर-फ्रिजबरोबर तेच रंग आले. भिंतीतल्या वायरिंगमध्ये मात्र लाल आणि काळा. मिक्सरच्या वायरीतली निळी तार न्यूट्रल (परतीची) असते, थ्री फेजच्या बोर्डात निळी म्हणजे चक्क फेज, म्हणजे जिवंत तार.