पशुधनासाठी जीवनसत्त्वे आणि द्रवपूरके

चारा-पाण्यातून न भागणारी किंवा आजारपणात झपाट्याने घटणारी जीवनसत्त्वे, क्षार आणि पाणी जनावरांना वेगळे देण्याची पद्धत. ही पूरके खाद्यात किंवा पाण्यात मिसळून, तोंडाने पाजून, इंजेक्शनने किंवा शिरेतून सलाईनद्वारे देतात.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव ब गटातील जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व तयार करतात. क जीवनसत्त्व यकृतात बनते. त्यामुळे हिरवा चारा खाणाऱ्या, धडधाकट जनावराला सरसकट टॉनिक पाजण्यात फारसा अर्थ नसतो. ब-१२ बनवायला मात्र या सूक्ष्मजीवांना कोबाल्ट लागते. जमिनीतच ते कमी असेल तर चारा भरपूर असूनही मेंढ्या खंगत जातात. कोंबड्या आणि डुकरांना ही सोय नसल्याने त्यांच्या खाद्यातच जीवनसत्त्वांचे मिश्रण घालावे लागते.

रवंथ करणाऱ्या जनावरांत खरी उणीव पडते ती बहुधा अ जीवनसत्त्वाची. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनपासून ते शरीरात तयार होते आणि यकृतात साठते. महिनोन्‌महिने वाळक्या चाऱ्यावर राहिलेल्या जनावराचा हा साठा संपतो. मग रातांधळेपणा येतो, गाभण गाय गाभडते, वार अडकते किंवा आंधळे वासरू जन्मते. वारेतून अ जीवनसत्त्व फारच थोडे पोहोचत असल्याने नवजात वासराची सारी भिस्त पहिल्या चिकावर असते. त्याची जागा कोणतीही बाटली घेऊ शकत नाही. ड जीवनसत्त्व उन्हात फिरणाऱ्या जनावरांना सहसा कमी पडत नाही. सतत गोठ्यात बांधलेल्या वासरांना मुडदूस होऊ शकतो. ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांच्या अभावी वासरे-कोकरांचे स्नायू पांढुरके व दुबळे होतात.

द्रवपूरकांचे महत्त्व सर्वांत जास्त दिसते ते वासरांच्या हगवणीत. अशा वेळी जीव जातो तो बहुतेकदा पाणी आणि क्षार निघून गेल्याने. मानेवरच्या कातडीची चिमटी सोडल्यावर ती लगेच पूर्ववत झाली नाही, डोळा खोबणीत आत गेला, तोंडात घातलेले बोट वासरू चोखेनासे झाले, तर शोष (शरीरातील पाण्याची तूट) वाढल्याचे समजावे. ४० किलोच्या वासराच्या वजनाच्या ८ टक्के पाणी घटले असेल तर तूटच ३.२ लिटरची असते. रोजची गरज आणि चालू हगवणीतून जाणारे पाणी त्याहून वेगळे. नुसत्या पाण्याने हे भरून निघत नाही. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्याच्या पेशीत शिरते आणि त्यामागोमाग पाणी ओढले जाते, म्हणून द्रावणात दोन्ही लागतात. रक्तातील आम्लता उतरवण्यासाठी बायकार्बोनेट किंवा ॲसिटेटही घालतात. बायकार्बोनेटयुक्त द्रावण दुधात मिसळू नये, कारण त्याने जठरात दूध नीट विरजत नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. मात्र दूध तोडू नये. या द्रावणातून मिळणारी ऊर्जा वासराला पुरत नाही. चोखण्याची ताकदच गेलेल्या किंवा आडव्या पडलेल्या वासराला सलाईन लावावे लागते आणि ते पशुवैद्यकाचे काम आहे.

व्यायल्यावर दुग्धज्वराने (रक्तातील कॅल्शियम घटल्याने) बसलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम देतात. ते सावकाश, हृदयाचे ठोके ऐकतच द्यावे लागते. घाई झाली तर हृदय बंद पडू शकते.

अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठत असल्याने जादा मात्रा विषारी ठरते. ड च्या अतिरेकाने रक्तवाहिन्या व मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. सेलेनियममध्ये तर गरजेची आणि घातक मात्रा यांत फार थोडे अंतर असते.