क्रॉस-कम्पायलेशन मॅक्रोंतील दुबार आर्ग्युमेंट

ज्या संगणकावर सॉफ्टवेअर बांधले जाते त्याहून वेगळ्या प्रोसेसरसाठी वा ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ते तयार करणे म्हणजे क्रॉस-कम्पायलेशन होय. त्यासाठी आदेशाला द्यावे लागणारे नेहमीचे पर्याय (आर्ग्युमेंट) प्रत्येक पॅकेजात पुन्हा लिहावे लागू नयेत म्हणून बिल्ड मॅक्रो, म्हणजे एका नावाखाली साठवलेला व वापरताना विस्तारला जाणारा मजकूर, वापरतात; मात्र मॅक्रोत मॅक्रो गुंतत गेले की एकच पर्याय दोनदा पुढे जाण्याचा दोष उद्भवतो.

आरपीएम या लिनक्सवरील पॅकेज-प्रणालीतील कॉन्फिगर मॅक्रो हे याचे नेहमी आढळणारे उदाहरण आहे. हा मॅक्रो ‘बिल्ड’ (बांधणी जिथे होते ते यंत्र) व ‘होस्ट’ (सॉफ्टवेअर जिथे चालायचे ते यंत्र) हे पर्याय स्वतःच लिहितो आणि स्पेक फाइलमध्ये, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्याच्यापुढे लिहिलेला मजकूर आदेशाच्या शेवटी जोडला जातो. त्यामुळे एखाद्या वेष्टक मॅक्रोने (कॉन्फिगर मॅक्रोला आत घेणाऱ्या मॅक्रोने) पुन्हा ‘होस्ट’ दिला, तर ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेली, बांधणीआधी यंत्राची तपासणी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट तक्रार न करता शेवटचे मूल्य धरते. ते मूल्य चुकून ‘बिल्ड’इतकेच निघाले, तर स्क्रिप्ट क्रॉस-कम्पायलेशन नाहीच असे समजते: क्रॉस-कम्पायलर हाताने नेमलेला असल्यास चाचणी-प्रोग्राम चालवता न आल्याने ती थांबते, नेमलेला नसल्यास स्थानिक कम्पायलर वापरून भलत्याच प्रोसेसरचे सॉफ्टवेअर बिनबोभाट तयार होते. यांतला पहिला प्रकार बरा, कारण तो निदान लगेच उघडकीस येतो.

दुरुस्ती करताना ‘होस्ट’ नेमण्याचा अधिकार एकाच मॅक्रोकडे ठेवावा. कॉन्फिगर मॅक्रो हे मूल्य दुसऱ्या एका मॅक्रोतून घेत असल्याने वेष्टकाने नवा पर्याय न जोडता तेथील मूल्य बदलणे योग्य ठरते. पॅकेजकर्त्याने दिलेली आर्ग्युमेंट मात्र शेवटी आणि एकदाच पुढे जावीत. मॅक्रोचा विस्तार आरपीएमच्या ‘इव्हॅल’ पर्यायाने छापून पाहता येतो, तर प्रत्यक्ष चाललेला आदेश कॉन्फिगच्या लॉग फाइलच्या आरंभी नोंदलेला असतो.

तयार झालेल्या यादीतून सारखे शब्द गाळणे हा उपाय सोपा दिसला तरी धोक्याचा आहे. ग्नू मेक या बांधणी-साधनाचे ‘सॉर्ट’ फंक्शन दुबार शब्द काढते, पण क्रमही बदलते, आणि स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्रामातच सामावले जाणारे तयार कोडसंच) जोडताना क्रमाला महत्त्व असते. सीमेक हे दुसरे बांधणी-साधन कम्पायलरला द्यायचे दुबार पर्याय आपणहून गाळते. त्यात एकाच पर्यायाच्या ‘नाव आणि मूल्य’ अशा दोन जोड्या असल्या तर दुसऱ्या जोडीतले पर्यायाचे नाव गळून नुसते मूल्य उरते. अशा जोड्या अखंड राहाव्यात म्हणून सीमेकच्या ३.१२ या आवृत्तीपासून ‘शेल’ हा उपसर्ग लावण्याची सोय आहे.