हॉलंड पार्कची सहल : भेटायचं कुठे?

लंडनमधल्या आमच्या मराठी पायी सहलींपैकी सर्वांत जास्त फोन याच सहलीच्या दिवशी येतात. ‘पोचलो, राजवाड्याच्या फाटकाशी उभे आहोत!’ तो केन्सिंग्टन पॅलेस. आपण भेटतो डिझाइन म्युझियमसमोर, तिथून वीसेक मिनिटं चालत.

हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनाबाहेर आलात की डावीकडे वळा आणि रस्ता ओलांडा. उजवीकडे गेलात तर राजवाडा लागतो. दुसरी गफलत नावाची. हॉलंड पार्क हे बागेचं नाव, वस्तीचं नाव, एका रस्त्याचं नाव आणि सेंट्रल लाइनवरचं स्टेशनही. त्या स्टेशनावर उतरू नका. ते बागेच्या उत्तरेला आहे, तिथे आपली सहल संपते.

‘उत्तरेकडून का सुरू करत नाही?’ असं विचारतात. तिकडून आलं की आधी झाडी आणि मग बागेतल्या हॉलंड हाउस या जुन्या वाड्याची पाठ दिसते. १६०५ च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याचा दर्शनी भाग दक्षिणेला आहे. सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात वाडा जळाला; उरलेल्या कमानी समोरूनच पाहाव्यात. (हे हॉलंड म्हणजे ट्युलिपांचा देश नव्हे, लिंकनशायरमधला भाग. वाड्याचे मालक तिथले अर्ल.) भारतात चार वर्षं काढून गेलेला मेकॉले इथल्या बैठकीतला नेहमीचा पाहुणा. त्या कमानींसमोर त्याच्याबद्दल मराठीत बोलायला आम्हाला फार आवडतं.

वाड्याच्या मालक घराण्याने १९व्या शतकात कडेच्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी घरबांधणीला दिल्या. त्यातून आजची वस्ती उभी राहिली : पांढरे टोलेजंग बंगले, चित्रकार लेटनचं घर. मधली बाग उरली आणि १९५२ मध्ये लंडनच्या काउंटी कौन्सिलने ती विकत घेतली. घरं आणि बाग अशी सलग पाहिली तरच हे उमगतं, आणि मोठ्या घोळक्याला ते जमत नाही, म्हणून आम्ही आठांपेक्षा जास्त माणसं घेत नाही.

ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबतो, त्याहून जास्त नाही. बाग अंधार पडण्याच्या अर्धा तास आधी बंद होते, आणि डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो. एकाच्या उशिरापायी बाकीच्यांची क्योटो गार्डन हुकते. १९९१ मधली ही जपानी बाग, तिथले मासे आणि मोकळे फिरणारे मोर बघायला तर आजी-आजोबा आलेले असतात.

आई-बाबांना एकटं पाठवत असाल तर बुकिंग करतानाच सांगा. आमच्यापैकी एकजण स्टेशनाच्या दारात त्यांना घ्यायला येईल. त्याचे वेगळे पैसे नाहीत.