मंगळावर हवा आणायची कुठून?

मंगळावर उभ्या असलेल्या माणसाचा स्पेससूट फाटला, तर त्याचा जीव थंडीच्या आधी दाबाअभावी जाईल. तिथे हवेचा दाब सरासरी 6 मिलिबारच्या आसपास. आपल्याकडे समुद्रसपाटीला तो 1013 असतो. दाब 63 मिलिबारच्या खाली उतरला की पाणी 37 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतं. जिभेवरची लाळसुद्धा! म्हणून माणसाला राहता यावं यासाठी मंगळ ‘तापवण्याच्या’ योजना ऐकल्या की मला आधी विचारावंसं वाटतं, हवेचं काय?

जुनी कल्पना अशी, की ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा. तो उष्णता धरून ठेवेल, मग आणखी वायू सुटेल आणि चक्र आपोआप फिरू लागेल. 2018 मध्ये ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स या ग्रहशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. ध्रुवांवरचा साठा सगळा सोडला तरी दाब जेमतेम दुप्पट होतो. माती आणि आवाक्यातली खनिजं यांतला कार्बन डायऑक्साइड धरला, तरी ग्रह पुरेसा उबदार होत नाही.

एके काळी तिथे नद्या वाहत होत्या, म्हणजे हवा दाट होती. चुंबकीय कवच विझलं आणि सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने, अब्जावधी वर्षांत बरीचशी हवा ओढून नेली. 2014 पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मेव्हन’ यानाने ही गळती मोजली: सेकंदाला साधारण 100 ग्रॅम. ग्रहाच्या मानाने हे फारच थोडं. त्यामुळे नवी हवा केली तर ती लगेच उडून जाईल, ही भीती मला अनाठायी वाटते. अडचण आहे ती हवा मुळात तयार करण्याची.

ऑक्सिजन तिथे बनवून पाहिला आहे. ‘पर्सिव्हरन्स’ गाडीवरच्या ‘मॉक्सी’ या उपकरणाने 2021 ते 2023 दरम्यान, अधूनमधून चालून, एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला साडेतीन तास पुरेल एवढा. प्रयोग म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो, पण वातावरण हे वेगळंच प्रकरण आहे.

शिवाय हवा नुसती भरून चालत नाही, ती टिकवणारी सजीवसृष्टी लागते. 1991 मध्ये ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर 2’ या बंदिस्त काचघरात आठ माणसं राहायला गेली. आत जंगल होतं, शेती होती, छोटासा समुद्रही होता. तरीही सुमारे सोळा महिन्यांत ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली-वर आला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याआधी बांधकामातलं काँक्रीट शोषून घेत होतं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.