बार्शी रोड आणि बार्शी टाउन: स्टेशनच्या नावातला ‘रोड’ काय सांगतो?

लातूरला जायचं म्हणून लातूर रोडचं तिकीट काढलेली माणसं आजही भेटतात. गाडीतून उतरतात, बाहेर येऊन लातूर किती लांब म्हणून विचारतात आणि तिसेक किलोमीटर ऐकून बॅगेवरच बसून राहतात. मला त्यांची चूक वाटत नाही. घाईत पहिला शब्द वाचला जातो, दुसऱ्याकडे लक्ष जात नाही. पण सगळी गोम त्या दुसऱ्या शब्दातच आहे.

रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे त्या गावाला जायचा रस्ता इथून फुटतो. गाव इथे नाही. नाशिक रोड, सावंतवाडी रोड, अक्कलकोट रोड ही सगळी त्याच पठडीतली नावं. आता नाशिक वाढत वाढत नाशिक रोडला येऊन भिडलं, म्हणून तिथे फरक जाणवत नाही.

हा फरक मुळापासून समजून घ्यायचा तर बार्शीची जोडी बघावी. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि तीच वाट पुढे १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाली. कंपनीला मुंबई आणि मद्रास जोडायचं होतं. वाटेत कुठली बाजारपेठ बाजूला पडते याची तिला फिकीर नव्हती. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी अशीच बाजूला पडली, सुमारे ३५ किलोमीटर आत. मग कुर्डुवाडीपाशी जे स्टेशन झालं त्याला नाव मिळालं बार्शी रोड. कापूस तिथवर बैलगाडीने न्यायचा.

गावात गाडी आणली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने. १८९७ मध्ये सुरू झालेली त्याची बार्शी लाईट रेल्वे फक्त अडीच फुटी गेजची होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. शेजारची ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. रूळ हलके, एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे, आणि एका आसावर भार जास्तीत जास्त पाच टन. आपल्याकडची जुनी माणसं नुसतं ‘बार्शी लाईट’ म्हणतात, ते किती नेमकं आहे बघा! हलकी गाडी वळणं घेत, कमी खर्चात गावाच्या दारापर्यंत जाऊ शकते. त्या दारातलं स्टेशन म्हणजे बार्शी टाउन. आधीच एक ‘रोड’ होतं, म्हणून याला ‘टाउन’ म्हणावं लागलं.

दोन्हींची बांधणीही वेगळी. ‘रोड’चं झालं जंक्शन: उंच लांबलचक फलाट, यार्ड, वर्कशॉप, क्वार्टर्स. छोट्या गेजचा माल इथे उतरवून मोठ्या डब्यात भरावा लागे, कारण डबे एका रुळावरून दुसऱ्यावर जाऊच शकत नव्हते. रुईच्या गाठी हमालांच्या पाठीवरून इकडून तिकडे जात. या कामावरच एक अख्खं गाव उभं राहिलं, इतकं की पुढे स्टेशनचं ‘बार्शी रोड’ हे नाव गेलं आणि कुर्डुवाडी राहिलं. गावातल्या लाईट रेल्वेच्या स्टेशनांना एवढा पसारा लागत नसे. डबेच बुटके, त्यामुळे फलाट जमिनीला जवळजवळ टेकलेला, तिकिटाची खिडकी, थोडी सावली आणि माल ठेवायला गोदाम.

लातूरच्या जोडीत मात्र एक मेख आहे. लातूरला बार्शी लाईट १९११ मध्ये पोचली. लातूर रोड त्या मार्गावर नाहीच. ते निजामाच्या रेल्वेच्या परळी–विकाराबाद वाटेवरचं. दोन स्टेशनं, दोन वेगळ्या रेल्वे, नाव तेवढं एक. म्हणून हा घोटाळा बार्शीपेक्षा जास्त होतो.

बार्शी लाईट १९५४ मध्ये सरकारकडे आली. कुर्डुवाडी–लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. लातूरचं जुनं स्टेशन भर गावात होतं, नवं गावाबाहेर गेलं. तरी पाटीवर ‘लातूर’च आहे आणि तेच बरोबर आहे, कारण उतरलेला माणूस लातुरातच असतो.

एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली, दहा टँकर वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी टाउन अशी कॅलथ्रॉपच्याच जुन्या वाटेने आली आणि लातूर रोडला नाही, लातूरलाच रिकामी झाली.