घरगुती सौर-पवन वीजसंच

सोलर पॅनेल आणि छोटी पवनचक्की या दोन्हींची वीज एकाच बॅटरीसाठ्यात भरून घर चालवणारी व्यवस्था. सुटे भाग आणून ती घरच्या घरी उभारता येते. वीजवाहिनी न पोहोचलेले शेतघर, कड्यावरची वस्ती किंवा पावसाळ्यात आठवडाभर वीज जाणारे गाव ही तिची योग्य ठिकाणे होत. शहरात, जिथे ग्रिडची (वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याची) वीज नियमित असते, तिथे बॅटरीवर केलेला खर्च वसूल होत नाही.

दोन्ही स्रोत जोडण्याचे कारण हवामानात आहे. महाराष्ट्रात जून ते ऑगस्ट आभाळ भरलेले असते आणि पॅनेलची वीज निम्म्यावर येते. नेमक्या याच महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वारा घाटमाथ्यावर सर्वांत जोरात वाहतो. साताऱ्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीचे पठार आणि धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे व्यापारी पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्यावरच. मात्र दरीतले घर, झाडीत दडलेली वाडी किंवा दाट वस्तीतली गच्ची यांना हा वारा मिळत नाही. अशा ठिकाणी पवनचक्कीचे पैसे आणखी दोन-तीन पॅनेलांत घालणे शहाणपणाचे, कारण पॅनेलला फिरता भाग नसतो आणि वर्षानुवर्षे त्याला फारसे काही करावे लागत नाही.

आखणीची सुरुवात विजेच्या हिशेबाने होते. सहा एलईडी दिवे, तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, छोटा फ्रिज, टीव्ही, मोबाईल-राउटर आणि अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप वीस मिनिटे, एवढ्याला दिवसाला सुमारे २.६ युनिट लागतात. इन्व्हर्टर व बॅटरीतली घट धरून ३.३ युनिट तयार व्हायला हवीत. राज्यात १ किलोवॅट पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देते, जुलैत त्याच्या निम्मी किंवा कमी. म्हणून ५४० वॅटची चार पॅनेल घ्यावीत. उन्हाळ्याचा हिशेब धरून दोनच घेतली, तर पावसाळ्यात बॅटरी सतत अर्धी रिकामी राहते. लेड-ॲसिड बॅटरी अशा अर्धपोटी अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि ती दोन वर्षांतच बसते.

एवढ्या संचाला बॅटरीसाठा १२ ऐवजी ४८ व्होल्टचा घ्यावा. ४ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला जवळपास ०.००५ ओहम असतो. २० मीटर अंतरासाठी जाणारी-येणारी मिळून ४० मीटर तार लागते, म्हणजे ०.२ ओहम. १२ व्होल्टवर ५०० वॅट आणायचे तर ४२ अँपिअर वाहतात आणि ८ व्होल्ट तारेतच संपतात. ४८ व्होल्टवर फक्त २.

पॅनेलच्या जोडणीत सर्वांत महाग पडणारी चूक थंडीत उघड होते. ५४० वॅटच्या पॅनेलचा खुला व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारा) ४९.५ च्या आसपास असतो. तीन पॅनेल एका ओळीत जोडली की १४८.५ व्होल्ट होतात आणि १५० व्होल्टच्या एमपीपीटी कंट्रोलरला (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून भरणाऱ्या उपकरणाला) ते चालतील असे वाटते. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. तापमान एक अंशाने उतरले की व्होल्टेज सुमारे ०.२८ टक्के वाढतो. १० अंशांच्या पहाटे तीच ओळ १५४ च्या पुढे जाते आणि कंट्रोलर जळतो. म्हणून चार पॅनेलच्या दोन-दोनच्या दोन ओळी करून त्या समांतर जोडाव्यात. उन्हाळ्यात उलट होते: पॅनेल ६० अंशांवर तापले की वीज बाराएक टक्के घटते. त्यासाठी पत्रा किंवा स्लॅबपासून १०-१५ सेंमी मोकळी जागा ठेवावी, हवा खेळते. तोंड दक्षिणेला, उतार १८-२० अंश. नारळाच्या एका झावळीची सावलीही पूर्ण ओळीची वीज पाडते. एमसी४ जोड (पॅनेलच्या तारांची टोके) पकडीने न दाबता त्यांच्याच क्रिंपर या दाबयंत्राने दाबावेत आणि नर-मादी एकाच कंपनीचे घ्यावेत. सैल जोड तापतो, वितळतो आणि पेट घेतो.

साठ्यासाठी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चार ट्यूब्युलर (लेड-ॲसिडच्याच एका प्रकारच्या) बॅटऱ्या ओळीत जोडल्या की ७.२ युनिटांचा साठा होतो. त्यातली निम्मीच वापरावी. चारही एकाच दिवशी, एकाच बनावटीच्या घ्याव्यात. ओळीत एक जुनी असली तर नव्या तिघीही तिच्यामागे खराब होतात. कंट्रोलरवर चार्जिंग प्रवाह २०-२२ अँपिअरवर बांधावा, ॲबसॉर्प्शन (पूर्ण भरतानाचा व्होल्टेज) ५७.६ आणि फ्लोट (भरल्यावर टिकवायचा) ५४ व्होल्ट. बॅटरीच्या धन टोकालगत डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा) फ्यूज हवाच. सर्किट ब्रेकरही डीसीचाच घ्यावा: एसीचा (घरच्या विजेसारखा दिशा बदलणारा) प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते, डीसीत ती जळतच राहते आणि एसीचा ब्रेकर आतून पेटतो.

पवनचक्कीचे गणित वेगळे आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनात वाढते; वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. २.४ मीटर व्यासाचे चक्र ५ मी./से. वाऱ्यात जेमतेम ८० वॅट देते, १० मी./से.ला सहाशेच्या पुढे. असा ५ मी./से. वारा दिवसभर टिकला तर २ युनिट होतात. खरेदीच्या पत्रकावर छापलेले १ किलोवॅट बहुधा १२ मी./से.चे असते आणि तसा वारा घरापाशी क्वचितच वाहतो. पवनऊर्जेचे नकाशे १०० मीटर उंचीचे आकडे देतात, त्यांवरही विसंबू नये, तिथला ६.५ मी./से. वारा मोकळ्या माळावर १५ मीटरला ५ वर येतो आणि शक्ती निम्म्याहून कमी उरते. वेगमापी बांधून पूर्ण पावसाळाभर मोजमाप घ्यावे.

स्वतः बनवायच्या पवनचक्कीचा सर्वाधिक पसरलेला आराखडा ह्यू पिगट यांचा. स्कॉटलंडमधल्या स्कोरेग या रस्ता आणि ग्रिड दोन्ही नसलेल्या द्वीपकल्पावर ते १९७० च्या दशकापासून पवनचक्क्या बांधत आले. यात मोटारीच्या चाकाच्या हबवर पोलादाच्या दोन चकत्या बसवतात. प्रत्येकीवर १२ निओडिमियम चुंबके. दोघींच्या मध्ये रेझिनमध्ये ओतलेली ९ वेटोळ्यांची स्थिर चकती असते, तिच्यातून थ्री-फेज वीज निघते आणि रेक्टिफायरमधून डीसी होते. पाती तीन, लाकडातून कोरलेली. तिन्हींचे वजन आणि तोल तंतोतंत जुळवावा लागतो, नाहीतर थरथर बेअरिंग आणि मनोरा दोन्ही खाते. चक्र मनोऱ्याच्या अक्षापासून थोडे बाजूला ठेवून शेपूट तिरक्या बिजागरीवर टांगतात. वारा फार वाढला की चक्र आपोआप वाऱ्याला कड देऊन वळते. शेपूट प्रमाणापेक्षा जड झाले तर ते वेळेवर वळत नाही, वेटोळी तापून जळतात. कोकणच्या खाऱ्या हवेत चुंबकांचा निकेलचा मुलामा फुटून आत गंज शिरतो, तेव्हा त्यांवर रेझिनचा पूर्ण थर हवा.

पवनचक्की कधीही भाराविना सोडता येत नाही. बॅटरी भरल्यावर पॅनेल नुसते तोडले तरी चालते. पवनचक्की तोडली तर ती बेफाम फिरते, व्होल्टेज शंभरच्या पुढे उसळतो आणि पाती निखळतात. म्हणून जादा वीज हीटरमध्ये जाळणारा डंप लोड लागतो. २३० व्होल्ट, २ किलोवॅटची पाणी तापवायची कॉइल ५६ व्होल्टवर फक्त १२० वॅट खाते, तेव्हा अशा आठ समांतर जोडून पाण्याच्या पिंपात ठेवाव्या लागतात. डंप लोड ५८ व्होल्टवर लावावा, म्हणजे सोलर कंट्रोलर आधी हात आखडता घेतो. लिथियम बॅटरीत इथे धोका वाढतो: एक सेल जरी भरला तरी बीएमएस (बॅटरीतली संरक्षक यंत्रणा) बॅटरी तोडते आणि पवनचक्की क्षणात मोकळी होते. ट्यूब्युलर बॅटरी अशी चूक पोटात घालते. पहिल्या संचाला तीच बरी. चक्र थांबवण्यासाठी मनोऱ्याच्या पायथ्याशी तिन्ही फेज एकत्र शॉर्ट करणारा ब्रेक-स्विच बसवावा आणि वादळ येण्याआधीच, चक्र मंद असताना तो लावावा.

मनोरा १२ ते १५ मीटरचा, जाड पाइपचा, चारही बाजूंनी ताणतारांचा आणि आडवा पाडता येईल असा. १५० मीटरच्या परिसरातल्या झाडा-घरांपेक्षा चक्र किमान ९ मीटर वर असावे. गच्चीवर चक्की बसवू नये. तिथला वारा भोवऱ्यांचा असतो आणि थरथर भिंतींत उतरते. मनोरा आणि ताणतारांचे खुंट यांना स्वतंत्र अर्थिंग द्यावे, वळवाच्या विजा याच उंचीवर पडतात. मनोरा उभा करताना किंवा पाडताना त्याच्या रेषेत कोणी थांबू नये.

दर मे महिन्यात मनोरा उतरवून ताणतारांचे क्लँप, बेअरिंगचे ग्रीस आणि पात्यांच्या पुढच्या कडा तपासाव्यात. बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड पाणी. खोलीत वर झरोका, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

केंद्राच्या २०२४ मधील पीएम सूर्य घर योजनेचे अनुदान (३ किलोवॅट व पुढे कमाल ७८,००० रुपये) ग्रिडला जोडलेल्या, नोंदणीकृत विक्रेत्याने बसवलेल्या छतावरील सौर संचांना आहे. वर वर्णिलेला संच त्यात बसत नाही, आणि त्याचा इन्व्हर्टर घरच्या ग्रिडजोडणीला परस्पर जोडणे जीवघेणे आहे: वीज गेली असताना खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत ती उलटी जाते.